अनुमोदक कोण?

ठराव मांडल्याशिवाय आमच्या आत्तोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, आयुष्यात एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्माला येणं. आणि त्यालाही अनुमोदक नव्हता याची त्यांना खंत असावी. सोलापुरातल्या एका शाळेत ते मास्तर होते. मॅट्रिकला आपटल्यावर मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी घराचा चिटणीस नेमलं. वांगं करायचं की दोडका यावर रीतसर मतं पडत. आत्या प्रत्येक ठरावाला विरोध करी. "ठराव काहीही होवो, चुलीवर दोडका आहे," असं बजावून ती आत गेली की आत्तोबा गंभीरपणे सभा तहकूब करत. टांग्यात बसले तरी उतारूंमधून अध्यक्ष निवडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

दर रविवारी सकाळी गिरणीतल्या मंडळींना आणि विणकरांना ते आपल्या बिऱ्हाडाच्या ओसरीवर नागरिकशास्त्र शिकवत. "तुम्ही सारे नागरिक आहात," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगताच नरसय्या विणकर हात जोडून उठला. "न्हाय मास्तर, आमी नगरचे न्हाय. आमी सोलापूरचेच की!" आत्तोबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि त्या दिवसापासून वर्गाला 'सोलापूरकर' म्हणू लागले.

या सोलापूरकरांत एक सगुणाबाई होती. ती रस्ते झाडायची. अस्पृश्य बाई ओसरीवर चढली तर बिऱ्हाड रस्त्यावर फेकीन, असा घरमालकाचा दम होता. आत्तोबांनी त्याच्या पुष्कळ विनवण्या केल्या, पण तो बधला नाही. त्यामुळे ती खाली अंगणात, रणरणत्या उन्हात बसून ऐकायची. आत्तोबा तिच्याकडे बघत शिकवायचे आणि मधेच अडखळायचे.

एका रविवारी त्यांनी ठराव कसा मांडतात ते समजावलं आणि विचारलं, "कुणाला काही मांडायचंय?" सगुणाबाईनं हात वर केला.

"मास्तर, मलाबी वर बसू द्यावं. लई ऊन लागतंय."

 मास्तरांचं बिऱ्हाड जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्तोबांचा चेहरा उतरला. अध्यक्षानं अनुमोदन द्यायचं नाही, हा नियम त्यांनीच शिकवलेला. "अनुमोदक कोण?" त्यांनी विचारलं. नरसय्यानं मान खाली घातली. "अनुमोदक कोण?" त्यांनी पुन्हा विचारलं. मलाही धीर झाला नाही.

"माझं अनुमोदन आहे," माजघराच्या दारातून आत्या म्हणाली. "घ्या मतं."

सगळे हात वर गेले. सगुणाबाई पायरी चढून सतरंजीच्या कडेला टेकली. ठराव मंजूर झाला, हे जाहीर करायचंही आत्तोबा विसरले.

आठवड्याच्या आत आम्ही भांडीकुंडी बैलगाडीत घालून गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत आलो. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापायची. तिथेही वर्ग भरायचा आणि सगुणाबाई मधोमध बसायची. आत्याला तसं घर पुन्हा कधीच मिळालं नाही.

आता आत्तोबा नाहीत. जन्मभर त्यांच्या ठरावांना विरोध करून त्याच दिवशी अनुमोदन का दिलंस, असं मी परवा आत्याला विचारलं. 

"ठराव पडला असता, तर तिला खाली बसवून शिकवण्यापेक्षा त्यांनी शिकवणंच सोडलं असतं रे," ती म्हणाली. "बिऱ्हाड काय, दुसरं मिळतं. हे मला कुठून परत मिळाले असते?"