जुहूच्या धावपट्टीवरचा कावळेवाला

नंदकिशोर परुळेकरचे हात स्वस्थ असलेले कधी कोणी पाहिले नाहीत. जेवायला बसला तरी डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचत असायची, आणि घास तोंडाशी नेता नेता मान एकदम खिडकीकडे वळायची. लग्न नवं होतं तेव्हा कुंदाला वाटायचं, आमटीत मीठ जास्त पडलं की काय! मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस जेवतानाही आभाळात पाखरं शोधतो.

नोकरीच तशी. जुहूच्या विमानतळावर तो पाखरं हाकायचा. ठेकेदाराच्या कागदावर त्याला ‘बर्ड चेझर’ म्हणत, अंबोलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये मात्र तो सगळ्यांचा कावळेवाला. जुहूला विमानतळ आहे हेच निम्म्या मुंबईला ठाऊक नसतं. रिक्षावाल्याला नुसतं एअरपोर्ट म्हटलं की तो आपल्याला सांताक्रुझला नेऊन सोडतो. नंदकिशोर हसायचा, “अहो, ते विमानतळ नंतरचं. थोरलं आमचंच.”

हा तोरा त्याला मॅथ्यूने शिकवला होता. मॅथ्यू तिथल्या आगीच्या बंबावरचा, जुहूच्या गावठाणातला जुना ख्रिस्ती मराठी माणूस. त्याच्या आजोबांनी तरुणपणी त्या मैदानात गवत कापलेलं. तेव्हा विमानं म्हणजे लाकडी सांगाडा नि वर ताणलेलं कापड. पावसाळा लागला की सगळं मैदान दलदल व्हायचं, विमानं चार महिने पुण्याला जायची आणि इथे म्हशी डुंबायच्या. “माझा आजा सांगायचा,” मॅथ्यू म्हणे, “एरवीपण विमान उतरायच्या आधी म्हशी हाकायला माणूस लागायचा. म्हणजे तुझी पोस्ट लई जुनी आहे नंद्या. फक्त जनावर बदललं.”

पुढे मोठी विमानं मोठ्या धावपट्टीवर गेली. जुहूला उरली बारकी विमानं आणि हेलिकॉप्टरं. समुद्रात दूरवर तेलाच्या विहिरी आहेत, तिथली माणसं सकाळी इथून जातात आणि पंधरवडाभर पाण्यात राहून परत इथेच उतरतात. जाताना प्रत्येकाला बॅगेसकट काट्यावर उभं करतात. कोणाच्या बायकोने लाडवांचा डबा जास्तच भरला, तर तो तिथेच दोस्तांत फस्त होतो. हेलिकॉप्टर सुटताना आणि उतरताना मॅथ्यूचा बंब तयार उभा, आणि गवतात नंदकिशोर. हातात मोठा बार काढणारी बंदूक, आणि एका गाडीवर भोंगा. भोंग्यातून घाबरलेल्या कावळ्याची ओरड वाजवायची, की बाकीचे कावळे त्या बाजूला फिरकत नाहीत.

पण घारी-कावळ्यांना आवारभिंत कुठे कळते? चारी बाजूंना इमारती, समोर कोळीवाड्यात सुकत घातलेले बोंबील. पितृपक्ष आला की नंदकिशोरचं काम दुप्पट व्हायचं. गच्च्यागच्च्यांवर वडे-खिरीची पानं मांडलेली आणि वरून हेलिकॉप्टरं चाललेली. तो दारोदार फिरून हात जोडायचा, “वहिनी, पान जरा पलीकडच्या अंगाला ठेवा.” एकदा एका बाईंनी त्याला चांगलंच झापलं होतं. “तुमच्या विमानांसाठी आमचे पितर उपाशी ठेवू का हो? तुम्हाला आईबाप नाहीत?”

आई होती ना. सोनूबाई. मालवणाहून मुंबईला येऊन तिला चाळीस-पन्नास वर्षं झाली, तरी बोली तीच आणि नेमही तेच. सकाळी देवपूजा, नैवेद्य, आणि स्वतः घास घेण्याआधी खिडकीच्या कठड्यावर कावळ्याला भाताचा गोळा. त्यात एक दिवस खंड नाही. आणि तिच्याच पोटचा लेक कावळे हाकून पगार घरी आणायचा.

“पाखरांका उपाशी हाकलूचा, ह्या काय काम म्हणाचा रे झिला?” ती विचारायची.

“आई, त्यांच्याच भल्यासाठी गं. पंख्यात गेले तर त्यांचा भुगा होईल.”

“तुझी जीभ चालाक मेल्या. पण तू घरात इलंस काय माझो कावळो उडान जाता, ता बघितलंस?”

ते खरं होतं. कठड्यावर कावळा मजेत भात खात असायचा. कुंदा येवो-जावो, लेक गंधाली कॉलेजची बॅग आपटो, तो हलायचा नाही. नंदकिशोरचं तोंड दारात दिसलं की ओरडत उडालाच. नंदकिशोर म्हणायचा, योगायोग. सोनूबाई मात्र हसत म्हणायची, “माझ्या दहाव्याक तू थयसर उभो ऱ्हवलंस, तर एक कावळो येवचो नाय बघ.”

थट्टाच ती. पण आईची थट्टा ती असताना वेगळी वाटते. श्रावणात सोनूबाई दोन दिवसांच्या तापाने गेली, आणि त्या एका वाक्याने नंदकिशोरच्या छातीत घर केलं.

सुतकाचे दिवस त्याने येरझाऱ्या घालून काढले. हेलिकॉप्टरचा आवाज आला की उठून खिडकीशी. बदली माणूस भोंगा वेळेवर लावत असेल ना? पावसाने गवत वाढलंय, किडे झालेत, म्हणजे पाखरं येणारच. “अहो, बसा हो जरा,” कुंदा म्हणायची, “तुमच्याकडे बघून मलाच चक्कर येते.” तो बसायचा आणि लगेच उठायचा. नोकरीची काळजी वरवरची, हे कुंदाला कळत होतं. खाली दुसरंच काही डाचत होतं.

दहाव्याचं कुठे करायचं यावरून बहिणीशी थोडं वाजलं. वनमालाताई घाटकोपरची, थोरली आणि शब्दाची पक्की. ती म्हणाली, “बाणगंगेला करू.” पण सोनूबाईने कधीचं सांगून ठेवलं होतं, की तुझ्या वडलांचं जिथे केलंत तिथेच माझं करा. वडलांचं झालं होतं जुहूच्या किनाऱ्यालगत, स्मशानामागच्या वाळूत. तेव्हा पिंड ठेवायचा अवकाश, कावळा झडप घालून आला होता. पण तेव्हा नंदकिशोर विमानतळावर लागलेला नव्हता. आणि ती वाळू धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. तिथले कावळे म्हणजे त्याचेच कावळे.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आईची इच्छा ती आईची इच्छा.

दहाव्या दिवशी पावसाने उघडीप दिली. किनाऱ्यावरच न्हाव्याने डोकं भादरलं. मॅथ्यू ड्युटीला जाण्याआधी पांढरा शर्ट घालून आला होता. त्याने नंदकिशोरच्या तुकतुकीत डोक्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “घाबरू नको यार. आता तुला ठेकेदारपण ओळखणार नाही.” नंदकिशोरला हसू आलं आणि डोळेही भरले. म्हणजे मॅथ्यूच्याही मनात तेच होतं तर!

विधी झाले. वाळूवर पिंड ठेवले. सोनूबाईला आवडायची म्हणून कुंदाने शेजारी केळीच्या पानावर तांदळाची खीर वाढली. सगळे हात जोडून मागे सरले. समोर बदामाच्या झाडावर कावळे बसलेले, चांगले डझनावारी.

एकही खाली उतरला नाही.

भटजींनी “काव काव” करून पाहिलं. गंधाली डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. कावळे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत होते, माना वाकड्या करत होते, पण पिंडाकडे येईनात. भटजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल आईंची, तर बोलून टाका. पाठीमागे दुसरी मंडळी खोळंबली आहेत.”

कुंदाने पदर सावरला. “आई, गंधालीच्या लग्नात तुमची मोत्यांची नथ मी तिलाच घालेन.” वाट पाहिली. काही नाही.

मग वनमालाताई पुढे झाली. “इच्छा काय होती ते सगळ्यांना माहिती आहे. नंदू, बोल. सांग आईला, ती नोकरी सोडतो म्हणून.”

नंदकिशोरने जोडलेले हात तसेच ठेवले.

“अरे, बोल ना! जन्मभर बिचारी सांगत राहिली. आता तरी ऐक की तिचं.”

“ताई, थांब गं जरा.”

“काय थांबायचं? आई अडकलीये तिथे!”

देवासमोर आणि गेलेल्या माणसासमोर दिलेला शब्द फिरवता येत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? एक वाक्य बोललं की झालं. पण त्याला भलताच एक दिवस आठवला. मागे एकदा एक घार हेलिकॉप्टरच्या काचेवर आपटली होती. वैमानिकाने कसंबसं सुखरूप उतरवलं. एकेक माणूस उतरला. त्यातल्या एका दाढीवाल्याने खाली वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि तिथेच बसून बायकोला फोन लावला. “काही नाही गं, सहज केला,” एवढंच म्हणाला. नंदकिशोर गवतात उभा राहून ते ऐकत होता. त्या दिवसापासून त्याला आपल्या कामात पूजेसारखं काहीतरी वाटू लागलं होतं. ते आईला सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात समुद्राकडून एक हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. सवयीने त्याची मान वर झाली, नजर झाडावर गेली, आणि कान टवकारले. कावळे ओरडत होते ते कसं? आखूड, खरखरीत, एकामागून एक. ही भुकेची हाक नव्हती. रोज भोंग्यातून तो स्वतःच वाजवायचा, ती ही ओरड. धोका आहे, पळा. त्याने नीट पाहिलं. झाडावरच्या एकाचीही नजर पिंडावर नव्हती. सगळे त्याच्याचकडे बघत होते.

“कुंदा,” तो पुटपुटला, “त्यांनी मला ओळखलंय गं.”

कुंदाने झाडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. घरचा कठडा तिला आठवला असणार. ती म्हणाली, “मग तुम्ही जा इथून. लांब जा.”

“आईचा पिंड सोडून?”

“माझं ऐका. जा.”

वनमालाताई कडाडली, “हे काय नवीन? लेकाने आईकडे पाठ फिरवायची? लोक शेण घालतील तोंडात!”

भटजींनी एव्हाना दर्भाची काडी हातात घेतली होती. खरा कावळा आला नाही, की दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्राला ते चालतं. पण सोनूबाईने जन्मभर खऱ्या कावळ्याला घास घातला होता. तिच्या पिंडाला गवताचा कावळा शिवणार?

“भटजी, थोडं थांबा,” तो म्हणाला. “मी लांब गेलो तर चालेल?”

भटजींनी घड्याळाकडे आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “नमस्कार करून जा. मनाने इथे राहा म्हणजे झालं.”

त्याने वाळूवर डोकं टेकलं. “आई, येतो,” म्हणाला. रोज ड्युटीवर निघताना म्हणायचा तसंच. आणि उठून चालू लागला. ओल्या वाळूत पाय रुतत होते आणि मागे वळून बघायची अशी अनावर ओढ लागली होती, की मान दुखायला लागली. लाकडाच्या वखारीच्या पलीकडे जाऊन तो भिंतीला तोंड करून उभा राहिला. मॅथ्यू मागोमाग येऊन कोपऱ्यावर थांबला.

“मी बघतो नि तुला सांगतो,” मॅथ्यू म्हणाला.

“नको. गप्प राहा.”

हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. बोटं भिंतीच्या पोपड्यांशी खेळत राहिली. समुद्राचा आवाज. कुठेतरी नारळ फोडल्याचा आवाज. कावळ्यांची ती खरखर चालूच होती. मग तिच्यात खंड पडू लागला. मग थांबली. आणि आली, खालच्या सुरातली, लांबट, जराशी घोगरी हाक. या रे, खायला आहे. ही हाक त्याने गवतात हजारदा ऐकली होती आणि दर वेळी बंदुकीच्या बाराने मोडून काढली होती. एकाने दिली, दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि पंखांची फडफड एकदम खाली उतरली.

मॅथ्यूने छातीवर क्रूस काढला. “मॅडमने बोलावलंय सगळ्यांना जेवायला,” एवढंच म्हणाला. सोनूबाईला तो पहिल्यापासून मॅडमच म्हणायचा. नंदकिशोर भिंतीला कपाळ टेकून रडला.

डोळे पुसून तो कोपऱ्यावर आला, तर तिकडे बायकांची जुंपलेली. वाऱ्यावर शब्द येत होते.

“मी नंदूच्या वतीने शब्द दिला म्हणून शिवला!” वनमालाताई सांगत होती. “नोकरी सोडेल म्हटलं, नि लगेच आला!”

“ताई, आधी शिवला. मग बोललात तुम्ही,” कुंदा म्हणाली. आवाज वर नाही, पण मागेही नाही. “मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“गंधाली, तू सांग गं.”

“आत्या, माझे डोळे मिटलेले होते.”

वनमालाताईला तो दिसला. “नंदू, ये इकडे! आता शब्द मोडू नकोस हं!”

“ताई,” त्याने तिथूनच सांगितलं, “तेरावं झालं की मी ड्युटीवर जाणार. तू दिलेला शब्द माझा नाही. आईला काय सांगायचं ते मी सांगेन.”

“ऐकतोय का बघा हा!” ती भटजींना म्हणाली. भटजी सामान आवरत होते.

नंदकिशोर दोन पावलं पुढे आला. पानावरच्या एका कावळ्याने झटकन मान वर केली, पंख अर्धे उघडले. बाकीचेही थबकले. कुंदाच्या खिरीचं पान अजून अर्धं भरलेलं होतं.

तो जागच्या जागी थांबला. मग हळूच तोंड समुद्राकडे वळवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले.

“अहो परुळेकर, स्नान राहिलंय!” भटजींनी हाक मारली.

“होऊ दे त्यांचं,” तो म्हणाला, आणि हलला नाही.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला भोंगा वाजला. बदली माणूस जागेवर होता. नंदकिशोरची मान तिकडे वळली नाही. मागे कावळे खीर खात होते, त्यांच्या चोचींचा पानावर होणारा बारीक आवाज त्याला ऐकू येत होता. कुंदा लांबून बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाची बोटं गप्प असलेली ती पहिल्यांदाच बघत होती.