तिसरा खड्डा

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. शेकडो माणसं त्यांच्या भरवशावर दहाव्या मजल्यावर जातात, पण त्यांची थोरली बहीण पन्नाशीतही त्यांना ‘खड्ड्या’ म्हणते. तेही त्यांच्या हाताखालच्या माणसांसमोर. लहानपणी दोघं टीव्हीला जोडायचा गेम खेळायची. त्यातला आपोआप पळणारा बुटका शिपाई भावोजींच्या हातात असला की तिसऱ्या खड्ड्यात हमखास पडायचा.

“एक नंबरचा कंट्रोलर कायम अक्काकडे. माझ्या दोन नंबरचं बटण अडकायचं,” हे ते गेली पस्तीस वर्षं सांगत आलेत. ताईला बघायला आले तेव्हाही सांगितलं होतं म्हणे.

पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून अक्का स्वेच्छेने निवृत्त झाल्या आणि चार दिवस राहायला येते म्हणाल्या. भावोजींनी चंग बांधला: या खेपेला ते नाव पुसायचंच. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर त्यांनी कॉम्प्युटरवर चढवला. गेम सुरू झाला. घोडं अडलं कंट्रोलरपाशी. पुढचा महिनाभर भावोजींचं जेवणात लक्ष नव्हतं.

पहिला बिनवायरचा आणला. बटण दाबलं की शिपाई आधी खड्ड्यात पडे, मग उडी मारे.

“सरकारी खात्यातला दिसतोय,” ताई म्हणाली.

दुसऱ्याला कॉम्प्युटरने ओळखच दाखवली नाही. तिसऱ्यात उडीचं बटण दाबलं की शिपाई खाली बसायचा. सेटिंगमध्ये बटणं बदलली तर उलटा पळायला लागला. भावोजी तो घेऊन दुकानात गेले.

“साहेब, हा सगळ्याला चालतो.”

“माझ्या गेमला नाही चालत! मला दोन बटणं हवीत, तुम्ही सोळा देता.”

“मग उरलेली चौदा दाबू नका.”

शेवटी भावोजींनी माळ्यावरून भंगारातल्या लिफ्टचं पॅनेल काढलं. बाजारातून एक छोटं सर्किट आणून त्यामागे जोडलं आणि कॉम्प्युटरला पटवून दिलं की हा कंट्रोलरच आहे. ‘वर’चा बाण म्हणजे उडी, ‘दार बंद’ म्हणजे गोळी आणि मेल्यावर पुन्हा सुरू करायला धोक्याची घंटा. शिपायाने तिसरा खड्डा सलग चाळीस वेळा ओलांडला. प्रत्येक वेळी ताईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. एकेचाळिसाव्या वेळी ती लाटणं घेऊनच आली.

अक्का आल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, “काय रे खड्ड्या, हे काय मांडलंयस?” आणि खुर्चीत बसून लिफ्टचं पॅनेल मांडीवर ओढलं. “एक नंबर माझा. तू घे तो दुसरा.”

“अक्का, अगं, तो मी...”

“थोरली कोण?”

भावोजींनी सोळा बटणांचा उचलला. अक्कांनी शिक्का मारावा तसा ‘वर’चा बाण हाणायला सुरुवात केली. धप्प, धप्प, धप्प! त्यांचा शिपाई थेट किल्ल्यात. भावोजींचा तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर आला आणि खाली बसला. तिथून घरंगळला.

“खड्ड्या तो खड्ड्याच!” अक्कांनी हौसेने धोक्याची घंटा वाजवली.

ताई हळूच म्हणाली, “दोन बनवायचे होतेत की. माळ्यावर तसलंच आणखी एक पॅनेल पडलंय.”

“असू दे गं,” भावोजी म्हणाले. “कंट्रोलरच धड नसेल तर माणूस काय करणार?”

आणि महिनाभरात पहिल्यांदाच पोटभर जेवले.