नवशीच्या मापाची जीप

डहाणू-तलासरी रस्त्यावरच्या शेअर जीपमध्ये बसून ज्यांची कंबर धरली असेल, त्यांनी शिव्या कुणाला द्यायच्या हे मला माहीत आहे. लडक्याला. कोसबाडच्या फाट्यावर त्याची वेल्डिंगची शेड आहे आणि इथल्या निम्म्या जीपांचा मागचा भाग त्याने कापून, वाढवून नव्याने बसवला आहे. मी अठरा वर्षं त्याच बाकांवर आपटत शाळेत शिकवायला जातो, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नका.

लडक्या माणसांचं माप टेपने घेत नाही. टेप लोखंडासाठी, म्हणतो. पहिली जीप आली तेव्हा त्याने बायकोला, नवशीला, बाकावर बसवलं, तिच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारली आणि तेवढ्या सहा जागा एका बाकावर आखल्या. दोन बाक, बारा माणसं. नवशी तेव्हा पंचविशीतली, भाताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी. तिच्या मापात बसायला सगळा डहाणू बाजार पोट आत ओढून घेऊ लागला.

बारा माणसांच्या भाराने गाडी मागून खाली दबायची, म्हणून त्याने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीला दोन पाटे जास्त घातले. मग प्रत्येक खड्डा थेट टाळूपर्यंत पोचायला लागला. गाडी उचलली तशी पायरीही वर गेली. म्हाताऱ्या चढतील का, असं जीपच्या मालकाने विचारलं. लडक्याने पुन्हा नवशीला बोलावलं. कडेवर भरला हंडा घेऊन ती हसत वर चढली.

"नवशी चढली म्हंजे कोनी पन चढल," लडक्या म्हणाला आणि पायरी पक्की करून टाकली.

यंदाच्या आवणीत, भाताची रोपं लावताना, बांधावरून घसरून नवशीचा गुडघा गेला. चार महिने ती घरात बसून होती. मग डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा व्यायामाला या, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मोटारसायकलवर पाय दुमडेना, एसटीची वेळ जमेना. राहिली जीप.

त्या सोमवारी प्रितेश ड्रायव्हरच्या जीपमध्ये मी होतो. नवशीने पाय उचलला, तो अर्ध्यावरच थांबला. लडक्या धुळीत गुडघा टेकून बसला, मांडी पुढे केली, आणि त्या मांडीवर पाय देऊन नवशी कशीबशी वर आली. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या बाकावर सहावी जागा रिकामी होती. पण घरात बसून अंगाने भरलेली नवशी त्या जागेत मावेना.

"जरा सरका," प्रितेश म्हणाला. सरकायला जागा असती तर आम्ही अठरा वर्षांपूर्वीच सरकलो असतो.

तिचा दुखरा पाय समोरच्यांच्या गुडघ्यांत अडकला. तिने डोळे मिटले. "उतरव मना. आखडला त आखडला."

लडक्या प्रितेशला म्हणाला, "एक सीट काढू. पायरी खाली घेऊ. आजच."

"काका, पायरी ब्रेकरला घासंल. आनी तूच बोललेला ना, नवशीकाकी चढली म्हंजे कोनी पन चढल?"

 उत्तर आतून नवशीनेच दिलं. "चढले ती मी. बाकीच्यांना कोन इचारला?"

बाकीच्यांपैकी मी उतरलो. अंगाने मी काही लहान नाही. माझी आणि ती रिकामी, अशा दोन जागांवर पाय लांब करून नवशी डहाणूला गेली, तिला डॉक्टरांच्या दारात सोडायचं प्रितेशने कबूल केलं. मी शाळेला दांडी मारून लडक्याबरोबर शेडमध्ये गेलो. त्याने खडू घेतला, शेडमध्ये पडलेला एक बाक पुढे ओढला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, बसा." माझ्या मापाने बाकावर चारच माणसं बसली. प्रितेशला हे कोण सांगणार, यावर आमचं दुपारपर्यंत एकमत झालं नाही.

संध्याकाळी नवशी परतली. लडक्याने तिला शेडच्या खांबाला धरून उभं केलं आणि जमेल तेवढाच पाय उचलायला सांगितला. तिने उचलला. तळव्याखाली त्याने खांबावर रेघ मारली. ती जमिनीपासून वीतभरच वर होती, जीपच्या पायरीच्या निम्म्यावर. लडक्याने टेप काढला आणि तो नव्या पायरीचं लोखंड त्या रेघेच्या मापाने मोजायला बसला.