कोठीवरचा पेरिस्कोप

आमच्या विज्ञानाच्या सरांचा एक नियम होता. प्रयोगाला लागणारं सामान विकत आणायचं नाही, घरातलंच वापरायचं. आमची घरं म्हणजे मोठमोठी गोदामं असावीत असा सरांचा समज होता. आमचं घर म्हणजे श्रीरामपुरातल्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि मधे पत्र्यापर्यंत न पोचलेली एक भिंत.

मी सातवीत होते आणि घरातलं सगळंच मला सामान दिसायला लागलं होतं. खायचा सोडा आणि लिंबू ज्वालामुखीत गेले. दोन काडेपेट्यांना दोरा बांधून टेलिफोन झाला, त्यामुळे स्टोच्या काड्या आईला वाटीत ठेवाव्या लागल्या. मी मोरीत उभी राहून काडेपेटीत ओरडायचे. पलीकडून ताई शांतपणे म्हणायची, "फोन ठेव, मला असंही ऐकू येतंय."

मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं आणि मी पेरिस्कोप करायला घेतला. आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, बुटांचं खोकं कापून त्याचं लांब नळकांडं केलं. एक आरसा ताईच्या पर्समधला. दुसरा आण्णांच्या दाढीच्या आरशाचा तुकडा. तो मोठा आरसा आधीच पडून फुटला होता, कुणाच्या हातून ते मी आजही सांगणार नाही. चिकटवायला मैद्याची खळ. आई म्हणाली, "पोरांच्या पोटात जायचा मैदा खोक्याच्या पोटात चाललाय," पण खळ तिनेच शिजवून दिली, कारण माझ्या खळीत गुठळ्या व्हायच्या.

आरसे तिरपे किती बसवायचे, तिथे माझं घोडं अडलं. ताई बी.कॉम. होऊन घरी होती. तिने कागदाचा चौकोन घेतला, कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घातली आणि म्हणाली, "हा घे तुझा पंचेचाळीस अंशांचा कोन. एवढ्यासाठी कंपासपेटी कशाला धुंडाळतेस?" आरसे एकमेकांकडे तोंड करून बसले. मी अंगणात बसून नळकांडं वर केलं तर कुंपणापलीकडची शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर दिसली. चादरीकडे पाहून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

सोबतच्या तक्त्यावर मी मोठ्या अक्षरांत सरांचं वाक्य लिहिलं होतं: प्रकाश ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने परतही जाऊ शकतो. कळलं नव्हतं, पण अक्षर सुंदर आलं होतं.

त्याच दिवसांत ताईला बघायला पाहुणे यायचे होते. आण्णा एस.टी. डेपोत मेकॅनिक. वस्तीतल्या सभेत ते स्त्री-पुरुष समतेवर असे बोलायचे की बायका पदराने डोळे पुसायच्या. आमच्यात पत्रिका नाही, हुंडा नाही, आणि मुलीच्या होकाराशिवाय पुढे पाऊल नाही, हा त्यांचा बाणा. आणि ते खरंच विचारायचे. फक्त पाहुण्यांसमोर मुलीने मान खाली घालून बसायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. आदल्या खेपेला पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा कसा वाटला?" ताई म्हणाली, "मोजे स्वच्छ होते." आण्णांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. तिने तेवढंच पाहिलं होतं.

आता येणारा मुलगा श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होता. गाळप सुरू झालं की त्याला रजा मिळणार नव्हती, म्हणून हो की नाही ते त्याच दिवशी सांगा, असा त्याच्या मामांचा निरोप होता. सकाळी ताई मला म्हणाली, "तुझं ते नळकांडं दे जरा."

"प्रदर्शनाचं आहे ते," मी म्हणाले. मोडेल म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

"जन्मभर ज्याच्याबरोबर राहायचं, त्याचं तोंड तरी बघू दे गं मला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नळकांडं काढून दिलं.

पाहुणे आले. बाहेर "जयभीम, जयभीम" झालं, पाणी झालं, पाऊसपाण्याची चौकशी सुरू झाली. आत ताई नवी साडी सावरत ज्वारीच्या कोठीवर चढली आणि तिने नळकांडं भिंतीच्या वर धरलं. मी कोठी धरली. आई पोहे परतत होती. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिने कढईवरचं लक्ष न काढता हळूच विचारलं, "केस हायेत का?"

"आधी टोपी दिसली," ताई कुजबुजली. "ते मामा असतील. आता पंखा. आता... हां. आहेत केस."

"मी तुझ्या आण्णांना लग्नातच पाह्यलं," आई म्हणाली, "ते बी हाराच्या मागून. निम्मेच दिसले." आणि झारा घेऊन ती पुन्हा पोहे परतायला लागली.

एवढ्यात ताई घाईघाईने खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "त्याने मला पाहिलं."

"कसं पाहील? भिंत आहे ना मधे!"

"तक्त्यावर काय लिहिलंयस तू?" ती म्हणाली. तेव्हा कुठे मला माझ्याच अक्षरातल्या वाक्याचा अर्थ कळला. त्याच्या बाजूच्या आरशात हिचा डोळा दिसला असणार, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला भिंतीवरचं खोकं काय आहे ते सांगावं लागलं नसणार.

बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो म्हणत होता, "हितं जरा उजेड बरा हाय." मी न राहवून नळकांडं घेऊन कोठीवर चढले आणि पाहिलं. तो आता बरोबर आरशासमोर बसला होता, केसांवरून हात फिरवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. आण्णा त्याच्यासाठी खिडकी उघडत होते.

ताई पोहे घेऊन बाहेर गेली. मान खाली. मामांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, मग म्हणाले, "जरा चालून दाखव, पोरी." ताई दारापर्यंत गेली आणि परत आली. मी दाराआडून पाहत होते. मला त्या मामांचा इतका राग आला की त्यांच्या पोह्यांत गुठळीची खळ कालवावीशी वाटली.

मामांनी भाच्याला विचारलं, "तुला काय इचारायचंय का?"

तो ताईकडे बघून म्हणाला, "न्हाई. तुमचंच काय बघायचं ऱ्हायलं असंल तर सांगा."

ताईने मान वर केली. सगळ्यांच्या देखत, सरळ. म्हणाली, "बसलेलं पाहिलं. चालताना नाही पाहिलं."

आण्णांचा चहाचा कप हवेतच राहिला. मामा खोकले. आणि तो उठला, दारापर्यंत चालत गेला, परत आला आणि जागेवर बसला. हसला नाही, लाजला मात्र भरपूर. समतेवर इतकी भाषणं केलेल्या आमच्या आण्णांनी फक्त पाहुण्यांना आणखी पोहे वाढायला सांगितले.

पाहुणे अंगणात गेल्यावर आण्णांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि ताई त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पसंत आहे." आईने तिला जवळ घेतलं. मामांना आत बोलावून सांगण्यात आलं, साखर वाटली गेली आणि मलाही चमचाभर मिळाली.

मी ती तोंडात धरून स्वयंपाकघरात कोठीला टेकून बसले. श्रीगोंदा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. कितीही लांब नळकांडं केलं तरी ताई तिथून दिसणार नव्हती. मला रडू फुटलं. बाहेर सगळे हसत होते आणि मी आत त्या खोक्याकडे बघत होते. एक आरसा जरी वाकडा बसला असता, तर ताई आणखी वर्षभर तरी माझ्याजवळ राहिली असती.