मी जमवते ना!

माझ्या भाचीला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्मली, म्हणून भिंगरी. नववीत असताना तर तिचं दर्शनच दुर्मीळ झालं होतं. पहाटे बास्केटबॉलचा सराव, मग शाळा, मग गणिताचा क्लास, पुन्हा मैदान. त्यातून कुणा मैत्रिणीचा वाढदिवस असला की तिथेही ही हजर. केक कापेपर्यंत कशीबशी थांबायची, तुकडा तोंडात कोंबायची आणि पळायची.

मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश शिवण्यात माझी हयात गेली. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून तिथे टिचबटणं लावलेला गणवेश मी आयुष्यात एकच केला, तो हिचा. आत खेळाचे कपडे, वर गणवेश. बटणं ओढली की बाईसाहेब मैदानात. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, कपाळाला हात लावायची. "वन्सं, तुम्हीच लाडावून ठेवलंय हिला." मी म्हणायची, "लाड करायला सापडते कुठे ती?"

अभ्यासात मागे होती म्हणाल तर तसंही नाही. दमायची, चिडायची, जेवता जेवता पेंगायची, पण मार्क चांगले आणायची. "झेपतंय का गं?" असं कोणी विचारलं की फणा काढायची. "मी जमवते ना!" कुणाला थोडं थांबा म्हणणं, सांभाळून घ्या म्हणणं तिला भारी कमीपणाचं वाटायचं. स्वभावच तसा. आमच्या घराण्यात हा ताठा आहे, मी काही नाकारत नाही.

शाळेत तिच्या बाकावर बसणारी मुलगी ही तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला मी वकीलबाई म्हणायची, कारण ती कशावरही वाद घालायची. माझ्या कात्रीला धार आहे की नाही, यावरही एकदा घातला होता. त्या वर्षी शाळाशाळांची वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. बोलायचं जोडीने. वकीलबाईने भिंगरीला गाठलं. "तू असशील तरच मी नाव देणार. नाहीतर नाही." हिने हो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

तयारी माझ्याच खोलीत चालायची. वकीलबाई शिलाई मशिनवर हात आपटून मुद्दे मांडायची, तेवढ्यात भिंगरी मैदानावरून धापा टाकत यायची आणि आपला भाग म्हणायची. झकास म्हणायची. मी गुंडी शिवता शिवता ऐकत असे. वकीलबाई त्या स्पर्धेसाठी जीव टाकत होती. खेळ नाही, गाणं नाही, चित्रकला नाही. शाळेत पुढे यायला तिच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती.

स्पर्धेच्याच दिवशी सकाळी बास्केटबॉलचा उपांत्य सामना आला. मैदान आणि सभागृह यांच्यात दोन गल्ल्या. "मॅच संपली की मी आलेच," भिंगरी म्हणाली. वकीलबाईने विचारलं, "नक्की ना?" "अगं, मी जमवते ना!"

वकीलबाईच्या आग्रहाने मी सभागृहात जाऊन बसले होते. जोड्या येत होत्या, बोलत होत्या, टाळ्या पडत होत्या. वकीलबाई पहिल्या रांगेच्या टोकाला, दोघींचे स्पर्धेचे बिल्ले हातात धरून, मान दाराकडे. मग त्यांच्या शाळेचं नाव पुकारलं. ती एकटीच उठली.

"बाई, ती येतेय. पाचच मिनिटं."

संयोजक बाई चांगल्या होत्या हो. त्यांचा चेहरा पडला. "आता सगळं संपत आलंय गं. सकाळी सांगितलं असतंत तर शेवटचा क्रम दिला असता. दोन शाळांना दिलाय तसा." त्यांनी आणखी एकदा पुकारलं, वाट पाहिली, मग जोडी बाद केली. वकीलबाई खाली येऊन बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

भिंगरी पोचली तेव्हा बक्षिसं चालू होती. घामाने डबडबलेली, गणवेशाची एक बाजू उघडी. मागोमाग तिचे सर, तिची विसरलेली बॅग घेऊन. समोरच्या संघाची बस उशिरा आली म्हणून सामना लांबला होता. सर सगळं ऐकून चाट पडले. "अगं, मग बोललीस का नाही? मध्यंतरालाच आपण केवढे पुढे होतो. मी तुला तेव्हाच सोडलं असतं."

दोन्हीकडे दार उघडायला माणसं तयार होती. हिने कडी वाजवली नाही, एवढंच. जमत नाहीये हे एक वाक्य बोलायला लागलं असतं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

माफ्या पुष्कळ मागितल्या तिने. वकीलबाई दर वेळी "असू दे गं" म्हणायची. भांडण नाही, अबोला नाही. बाकही बदलला नाही. फक्त पुढच्या वर्षी तिने जोडीला दुसरी मुलगी घेतली आणि हिला गोड शब्दांत सांगितलं, "तुझ्यावर उगाच भार नको." भिंगरी संघाची कॅप्टन झाली, दहावीला उत्तम मार्क मिळाले. लोक पेढे खात खात तिचं उदाहरण द्यायचे. मला त्यात राम वाटेना.

आता ती रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. खेळ कधीचा सुटला. गुडघे धरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना चालायला शिकवते, आणि रविवारी सुट्टी. वकीलबाई याच गावात शिक्षिका आहे, चार गल्ल्या पलीकडे राहते. भेटल्या की दोघी हसून बोलतात.

गेल्या वर्षी वकीलबाईचे वडील गेले. भिंगरीला हे कळलं महिनाभराने, तेही औषधांच्या दुकानात, तिसऱ्याच माणसाकडून. तशीच धावत गेली. मीही गेले सोबत. ही तिचा हात धरून म्हणाली, "मला एक फोन नाही करायचास?"

वकीलबाईने तिच्या हातावर दुसरा हात ठेवला. टोमणा नव्हता, राग तर नव्हताच. खरोखर काळजीने बोलली ती.

"अगं, तुझी धावपळ कशाला, म्हटलं. तुझं आधीच किती असतं."

वकीलबाईचे वडील गेले तो रविवार होता. भिंगरी सकाळपासून घरीच होती. दुपारी दोनदा म्हणाली होती मला, आत्या, कंटाळा आलाय गं, कुणीतरी यायला हवं होतं.