जावयाच्या वाणातली बोलेरो

जावयावर राग धरता येतो, काढता येत नाही. गजेंद्र कापगतेनं तो दसऱ्यापासून अधिक महिन्यापर्यंत धरला, आणि मग ताटात ठेवून, वर झेंडूचं फूल घालून, जावयाच्याच पुढं केला.

गजेंद्रचं सडक अर्जुनीत हायवेला लागून रेडियमचं दुकान आहे. ट्रकच्या पाठीवर आईचा आशीर्वाद चिकटवायचा, नंबर प्लेटा रंगवायच्या, हा धंदा. पण जीव अडकला होता घरच्या काचेच्या कपाटात. तिथं त्याच्या रेसच्या गाड्या. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, प्लॅस्टिकच्या सुट्या तुकड्यांपासून जोडलेल्या. तुकडा कापायचा, कडा घासायची, रंगाचा पातळ हात द्यायचा, सुकला की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून परत घासायचं. हवेत ओल असली की रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून रोवणीच्या दिवसांत गजेंद्र ब्रशाला शिवत नसे. गावाला वाटे, वावरात राबून थकला असेल. वावरात तर तो तेव्हाही जात नसे.

त्यातली हिरवी गाडी सगळ्यांत लाडकी. धानाच्या पऱ्ह्यासारखा, रोवणीच्या रोपांसारखा कोवळा हिरवा रंग, दारावर रेडियम कापून लावलेला नंबर, आणि आत नखाएवढं स्टिअरिंग, तेही फिरणारं.

दसऱ्याला बहीण दुर्गेश्वरी आली. सोबत जावई दुर्गाप्रसाद, गोंदियाजवळच्या गोरेगावचे, आणि त्यांची नवी पांढरी बोलेरो. हायवेवरच्या डांबराचे शिंतोडे उडाले होते, म्हणून जावयानं गजेंद्रचा थिनर मागून घेतला आणि गाडी पुसून चकाचक केली. मग घरातल्या सगळ्या गाड्या पूजेला काढल्या. मोटरसायकल झाली, सायकल झाली. शेवटी कपाट उघडलं.

"गाडी होय तं पूजा झालीच पायजे," म्हणाले, आणि तोच फडका हिरव्या गाडीवरून फिरवला.

थिनर लोखंडावरचं डांबर काढतो. प्लॅस्टिकचं तो काहीच ठेवत नाही. गजेंद्र दुकानातून आला तेव्हा हिरवा रंग फडक्यावर होता, गाडीचं नाक लोण्यासारखं दबलं होतं आणि दबलेल्या नाकात कुंकवाचं बोट रुतलं होतं.

"कायले तोंड पाडून राहिला, साळेबुवा?" दुर्गाप्रसाद हसले. "खेळणंच तं आहे! नागपूरवरून दुसरी आणून देतो, रिमोटवाली."

रिमोटवाली! गजेंद्रनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या आईनं, सुभद्राबाईनं, त्याचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं. "जावयाले एक शब्द बोलाचा नाही. तुही बहीण त्या घरी नांदून राहिली." झालं. त्या दिवशी गजेंद्रनं पुरणपोळीबरोबर बरंच काही गिळलं.

रिमोटवाली काही आली नाही. आली ती बोलेरो, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते त्या दिवसांत, मागचा बंपर आत गेलेली. "हायवेवर ट्रकवाल्यानं ठोकलं," दुर्गाप्रसाद दुकानात येऊन सांगत होते. "मी होतो म्हणून वाचली. नवीन प्लेट करून दे." हीच गोष्ट त्यांनी गोरेगावच्या बाजारात आणि इथं सासुरवाडीतही सांगितली होती, आणि दर सांगण्यात ट्रक मोठा होत होता.

गजेंद्रनं जुनी प्लेट खोलली. मागं चिखल, आणि चिखलात गुंतलेली शिंगाड्याची वेल.

शिंगाडा तलावात होतो. हायवेवर अजून तरी होत नाही. ज्या कोहळी समाजाच्या आज्यापणज्यांनी इथले तलाव बांधले, त्यांचा जावई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी मागं घेता घेता सरळ तलावात उतरला होता. गजेंद्रनं नवी प्लेट लावून दिली आणि वेल पुस्तकात दाबून ठेवली.

मग तो कामाला लागला. बोलेरोचे तयार तुकडे मिळत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकचे पत्रे कापून अंग घडवलं. चाकं आणि स्टिअरिंग मेलेल्या हिरव्या गाडीचं. ब्रश हातात असला की दसऱ्याचं ते हसणं कानात वाजे, आणि हात जास्तच स्थिर होई. बंपरचा पोचा हुबेहूब उतरला. मागची चाकं चिखलात, आणि प्लेटमागून लोंबणारा वेलीचा एक धागा. करता करता त्याच्या लक्षात आलं, की आजवर इतकी चांगली गाडी आपल्या हातून झाली नव्हती. राग हा असा गुणी कारागीर आहे.

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण. घर पाहुण्यांनी भरलं. सुभद्राबाईनं वाणाचं ताट पुढं केलं : अनारसे, दिवा, आणि मधोमध बोलेरो.

"अरे वा, आपली गाडी!" दुर्गाप्रसाद फुलले. ताट चारी बाजूंनी फिरवून सगळ्यांना दाखवलं. तिथंच चुकलं. शेजारच्या उमरावकाकांचा जन्म तलावात शिंगाडे काढण्यात गेला होता. त्यांनी चष्मा नाकावर ओढला.

"काऊन जी जावईबापू, हायवेवर शिंगाडे कवापासून लागून राहिले?"

आधी दुर्गेश्वरीच हसली. मग ओसरी हसली, मग अंगण.

"ते... माती लागली असन," दुर्गाप्रसादांचे कान तांबडे झाले. "पुसली की जाते."

खिडकीत थिनरचा डबा होता, शेजारी फडका. गजेंद्र ते तिथं विसरला होता. नीट लक्षात ठेवून विसरला होता.

फडका उचलला गेला तेव्हा गजेंद्रचा हात एकदा पुढं आलाच. त्या गाडीत त्याचा अख्खा हिवाळा-उन्हाळा होता. एक शब्द पुरला असता. त्यानं हात मागं घेतला आणि पाठीशी बांधला.

दुर्गाप्रसादांनी जोर लावून घासलं. चिखल गेला. त्यासोबत बंपर गेला, टप बसला, आणि ज्या हातात गाडी धरली होती त्याची बोटं पांढऱ्या लगद्यात रुतून एकमेकांना चिकटली. उजवा हात होता. पुढ्यात पुरणाचे धोंडे वाफाळत होते.

"अरे, हे तं... अरे गजेंद्र!"

"राहू द्या भाऊजी," गजेंद्र अगदी मायेनं म्हणाला. "खेळणंच तं आहे."

सुभद्राबाईनं पोराकडं पाहिलं. पण यात जावयाचा अपमान करणारा शब्द एकही नव्हता, तिला धरायला काही सापडेना.

"मस्करी पुरे," दुर्गाप्रसाद दबक्या आवाजात म्हणाले. "हे सुटन कायनं?"

"थिनरनं."

जावई त्या दिवशी डाव्या हातात चमचा धरून धोंड्याचं जेवले, आणि घासाघासाला थिनरचा वास हुंगत राहिले. गजेंद्र अंगणात बसला. लगद्यातून रबरी चाकं ब्लेडनं सोडवली, धुतली आणि उन्हात वाळत घातली. रबराला काही झालं नव्हतं. स्टिअरिंग मात्र गेलं होतं. ते पुन्हा नव्यानं घडवावं लागणार होतं.