एकही दोष नसलेली गाडी

निवृत्तीनंतर मी गाडी चालवायला शिकले आणि नंतर, बहुधा तिची भीती घालवण्यासाठीच, तिचे दोष वाचायला शिकले. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असते. त्यात आगपेटीएवढा स्कॅनर बसवला की इंजिनाच्या संगणकाने टिपून ठेवलेले दोष मोबाइलवर सांकेतिक आकड्यांत उमटतात. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवूनही चारचौघांत बुजणाऱ्या मला हे फार सोयीचे वाटले. कोणाशी न बोलता प्रश्न विचारता येत होता.

म्हणून भाचीने जुनी गाडी पाहायला हडपसरपलीकडच्या मांजरी गावी सोबत बोलावले, तेव्हा मी गेले. कर्वेनगरहून हडपसरच्या ऑफिसला तिला रोज जायचे होते. शिवाय येत्या शनिवारी त्याच गाडीने, प्रथमच एकटीने, घाट उतरून कोकणात. पसंती जणू झालीच होती. पेढे तिने वाटेतच घेतले होते.

गाडी सोसायटीच्या फाटकाशी धुऊनपुसून उभी होती. मालक अदबशीर होते. मी स्कॅनर लावला. एकही दोष निघाला नाही.

"बघा काकू, ठणठणीत हाय गाडी," मालक म्हणाले.

"मावशी, रिपोर्ट नॉर्मल! आता पेढा खा," भाची म्हणाली.

मी पुढचे पान उघडले. गाडी धावत असताना संगणक स्वतःच्या काही चाचण्या घेत असतो. त्यांच्यासमोर, एकीचाही अपवाद न होता, 'अपूर्ण' असे लिहिले होते. नोंदलेले दोष स्कॅनरने पुसून टाकले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि ते पुन्हा भरून यायला बरेच चालवावे लागते.

"अलीकडे बॅटरी काढली होती का?" मी विचारले. बॅटरी काढली तरी असेच होते. मला तेच उत्तर हवे होते.

"छे हो! रोज वापरतो. कालच सासवडला जाऊन आलो."

रोज धावणारी गाडी इतकी कोरी नसते. कोणीतरी, कदाचित त्याच सकाळी, काहीतरी पुसले होते. काय पुसले, हे मात्र कळत नव्हते. परक्या माणसाला तोंडावर खोटे ठरवणे मला आजही जमत नाही. "जरा फिरून येऊ या का?" एवढेच मी म्हणाले.

भाची चालवत होती, मी शेजारी, मालक मागे. मोबाइलवर मी इंजिनातल्या पाण्याचे तापमान उघडून ठेवले होते. मोकळ्या रस्त्यावर आकडा स्थिर होता. मग उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली, आम्ही थांबलो आणि आकडा चढू लागला.

आता ते पाणी थंड करणारा रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला हवा होता. मी काच खाली करून कान दिला. ट्रॅक्टरची धडधड होती, उसाचा वास होता. पंख्याची घरघर नव्हती. ए.सी.ची हवा कोमट होत गेली. भाची काहीतरी गुणगुणत होती. तिच्यासमोर धोक्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. आकड्याने शंभरी ओलांडली, तरी तो थांबेना. शनिवारचा घाट, तिथली खोळंबलेली वाहने आणि त्यांत एकटी अडकलेली ही मुलगी मला दिसू लागली.

"गाडी बाजूला घे."

"अगं, सुटेल आता रांग."

"आत्ता घे. इंजिन बंद कर." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तिने गाडी कडेला घेतली. मी कारण सांगणार, तोच मागून मालक अगदी सवयीच्या सुरात म्हणाले, "बंद नका करू, ताई. ए.सी. घालवा अन् हीटर लावा. उतरतंय लगेच."

हीटर लावला की तापलेल्या इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो. पण माझा मोबाइल त्यांना दिसत नव्हता. तापमानाबद्दल गाडीत कोणी अवाक्षर काढले नव्हते.

भाचीने आरशातून त्यांच्याकडे पाहिले. "काय उतरतंय, काका?"

तिने किल्ली फिरवून काढली आणि मागे न वळता खांद्यावरून त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही हीटर लावून सावकाश न्या. आम्ही रिक्षा बघतो."

आम्ही उतरून उसाच्या कडेला उभ्या राहिलो. बंद इंजिनातून तडतड ऐकू येत होती. "मावशी, अजून थोडं लांब उभं राहू या," ती हळूच म्हणाली.